हिरव्या कपड्यांतला फरारी

रॉबिन हुड मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो राखाडी होता. आमच्या शेजाऱ्यांचा थोरला मुलगा मस्कतला नोकरीला होता आणि एका उन्हाळ्यात सुटीवर येताना त्याने व्हिडिओ प्लेअर व चार-पाच कॅसेटी आणल्या होत्या. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता आणि आमच्याकडे होता, त्यामुळे मे महिन्यातल्या एका दुपारी दोन्ही घरांची मिळून पंधरा-सोळा माणसे आमच्या माजघरात, सरकत्या दारांच्या लाकडी पेटीतल्या कृष्णधवल टीव्हीसमोर दाटीवाटीने बसली. लागलेला चित्रपट होता वॉर्नर ब्रदर्सचा, १९३८ सालचा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हुड’. रंगांसाठी जगभर नावाजलेला हा चित्रपट आम्ही सर्वांनी बिनरंगाचा पाहिला आणि त्यात काही राहून गेले आहे अशी शंकाही कोणाला आली नाही.

इंग्रजी संवाद कोणालाच कळत नव्हते. मस्कतचा दादा मधूनमधून सांगत होता, “हा राजाचा भाऊ, हा वाईट. तो मिशीवाला आपला.” मात्र एका ठिकाणी तो अडला. मेजवानीच्या दालनात राजपुत्र जॉन उभा राहून काही तरी जाहीर करतो आणि त्यानंतर सगळे सैनिक एकाच माणसावर तुटून पडतात. “त्याला आउटलॉ केला,” दादा म्हणाला, आणि आउटलॉ म्हणजे काय असे कोणी विचारल्यावर थोडा विचार करून म्हणाला, “डाकू.” एवढ्यात मारामारी सुरू झाली आणि तो विषय मागे पडला.

माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही, कारण तो माणूस काही वेळापूर्वी त्याच दालनात पाहुण्यासारखा जेवत बसला होता आणि उठता उठता डाकू झाला होता. संध्याकाळी मी अण्णांना विचारले. अण्णा तालुक्याच्या फौजदारी कोर्टात कारकून होते आणि शब्दांच्या बाबतीत ते घरातही कार्यालयीन काटेकोरपणा सोडत नसत. “डाकू नव्हे,” ते म्हणाले. “डाकू होण्यासाठी डाका घालावा लागतो. याला कोर्टाने फरारी जाहीर केले असणार.” मग त्यांनी मला तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ८२ समजावून सांगितले. आरोपी वॉरंटाला चुकवत असेल तर न्यायालय जाहीरनामा काढते, हजर होण्यासाठी किमान तीस दिवसांची मुदत देते, तो जाहीरनामा गावात चारचौघांना ऐकू जाईल असा वाचला जातो, आरोपीच्या घरावर आणि कोर्टाच्या इमारतीवर डकवला जातो, आणि त्याच्या पुढच्या कलमाप्रमाणे मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. दहा वर्षांच्या मुलीला हे सांगावे की नाही, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मला त्यातले एवढेच उमगले की माणसाचे नाव कोणी तरी मोठ्याने वाचते आणि त्या क्षणापासून तो वेगळा माणूस होतो.

अण्णांचा शब्दही नेमका बसत नाही, हे फार नंतर कळले. मराठीत आपल्याकडे दरोडेखोर आहे, बंडखोर आहे, पुंड आहे, फरारी आहे. पहिला शब्द गुन्ह्याचा, दुसरा राजकारणाचा, तिसरा दहशतीचा आणि चौथा पळून जाण्याचा. मध्ययुगीन इंग्लंडमधील आउटलॉ या चारही शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा आहे. परगण्याच्या न्यायसभेत त्याच्या नावाचा पुकारा होई; लागोपाठच्या पाच सभांमध्ये पुकारा होऊनही तो हजर झाला नाही तर त्याला कायद्याबाहेर काढले जाई. त्याची जमीन-चीजवस्तू जप्त होई, त्याला आसरा देणे हाच गुन्हा ठरे, आणि जुन्या काळी तर त्याच्या डोक्याला ‘लांडग्याचे डोके’ म्हणत, म्हणजे वाटेत दिसला तर लांडग्यासारखा कोणीही त्याला मारावे. स्त्रियांना आउटलॉ करता येत नसे, कारण मुळात त्यांची कायद्यात पुरुषांसारखी नोंदच धरलेली नव्हती. त्यांच्यासाठी वेगळा शब्द होता आणि त्याचा अर्थ साधारणपणे ‘टाकून दिलेली’ असा होता. थोडक्यात, आउटलॉ कायदा मोडतो की नाही हा दुय्यम प्रश्न आहे; कायद्याने त्याच्यावरचा आपला हात काढून घेतला आहे, ही मुख्य गोष्ट. फौजदारी कामातली ही जुनाट तरतूद इंग्लंडच्या कायद्यातून अखेर ज्या वर्षी पुसली गेली ते वर्ष १९३८ होते. चित्रपट त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रदर्शित झाला. हा निव्वळ योगायोग आहे हे मला ठाऊक आहे, तरीही तो मी कोणालाही सांगितल्याशिवाय राहत नाही.

मेजवानीचा तो प्रसंग आता पुन्हा पाहताना मला त्याची रचना अचाट वाटते. नॉटिंगहॅमच्या किल्ल्यातील दालनात नॉर्मन सरदार, म्हणजे इंग्लंड जिंकून तिथे राज्य करणारे, मांसाचे तुकडे तोडत बसले आहेत, आणि रॉबिन झालेला एरॉल फ्लिन खांद्यावर अख्खे हरीण टाकून दारातून आत येतो. राजाच्या जंगलातले हरीण मारणे हा देहदंडाचा गुन्हा, असे चित्रपटाने आधीच सांगून ठेवले आहे. तो पहारेकऱ्यांना ढकलत सरळ चालत येतो, ते हरीण राजपुत्राच्या मेजावर आदळतो, आणि मग खुर्ची ओढून पाय पसरून, निवांत जेवू लागतो. क्लॉड रेन्सचा जॉन हा आरडाओरडा करणारा खलनायक नाही. तो या उद्धट पाहुण्याकडे कौतुकाने पाहत राहतो, त्याला बोलते करतो, त्याच्या तोंडून राजद्रोहाचे एकेक वाक्य काढून घेतो आणि पुरेशी वाक्ये जमल्यावर हुकूम सोडतो. जॉनच्या बाजूचा, बॅसिल रॅथबोनचा सर गाय ऑफ गिसबोर्न शेजारी ओठ आवळून बसलेला असतो. चित्रपटाची नायिका, ऑलिव्हिया द हॅविलंडची मॅरियन, या वेळी अजून नॉर्मनांच्याच बाजूची आहे आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग खरा आहे. कायदा या दालनात एका माणसाच्या जिभेवर बसलेला आहे, हे प्रेक्षकाला भाषणाशिवाय समजते.

हा प्रसंग ज्याने घडवला तो दिग्दर्शक मायकेल कर्टिझ मूळचा बुडापेस्टचा, जन्माने ज्यू. चित्रीकरण १९३७ च्या सप्टेंबरअखेरीस विल्यम कीली या दिग्दर्शकाच्या हाताखाली कॅलिफोर्नियातील चिको गावाच्या बिडवेल पार्कमध्ये सुरू झाले. रॉबिन जिथे लपतो ते शेरवुडचे जंगल म्हणून आपण जे पाहतो ते हेच. तिथल्या ज्या प्रचंड ओकवृक्षाखाली रॉबिनची माणसे शपथ घेतात त्या ‘हूकर ओक’चे वय हजार वर्षे असल्याचे लोक मानत, १९७७ मध्ये तो कोसळला तेव्हा लक्षात आले की ती एकमेकांत वाढलेली दोन झाडे होती. काम रेंगाळले, खर्च वाढला, आणि स्टुडिओने कीलीच्या जागी कर्टिझला आणले. जंगलातला मोकळा, काहीसा सहलीसारखा भाग बराचसा पहिल्याचा आणि किल्ल्यातला दाट, गर्दीचा, सावल्यांचा भाग दुसऱ्याचा, ही वाटणी माहीत झाल्यावर ती डोळ्यांना दिसू लागते. मला विचाराल तर जंगलातील काही प्रसंग अंमळ लांबलेले आहेत, आणि रॉबिनचे साथीदार दर दोन मिनिटांनी कमरेवर हात ठेवून ज्या गडगडाटी आवाजात हसतात ते हसू आता ऐकवत नाही. लिटल जॉन झालेला ॲलन हेल मात्र त्यातून सुटतो. त्याने हीच भूमिका १९२२ च्या डग्लस फेअरबँक्सच्या मूकपटात केली होती आणि १९५० मध्ये आणखी एका चित्रपटात केली. अठ्ठावीस वर्षे एकाच माणसाचा साथीदार राहण्याचा हा विक्रम कोणी फारसा मोजत नाही.

रंगीत प्रत मी पाहिली ती वयाच्या तिसाव्या वर्षी, पुण्यातल्या एका फिल्म क्लबच्या पडद्यावर. पहिल्या दहा मिनिटांत मला चक्क राग आला. इतके दिवस आपल्याला फसवले, असे काहीसे वाटले. रॉबिनचे कपडे हिरवे असतात हे पुस्तकांतून ठाऊक होते, पण हा हिरवा पानांच्या हिरव्यापासून वेगळा काढता येत होता. रॉबिनचा साथीदार विल स्कार्लेट याचा लाल, मॅरियनच्या झग्यावरची रुपेरी-सोनेरी वेलबुट्टी, बिशपच्या अंगावरचे जांभळट कापड, सगळे एखाद्या सणाच्या बाजारासारखे झळकत होते. मॅरियनचा घोडा लहानपणी मळकट पांढरा दिसला होता, तो सोनेरी निघाला. (हाच घोडा पुढे ‘ट्रिगर’ या नावाने काउबॉय चित्रपटांतला नट रॉय रॉजर्सचा घोडा म्हणून प्रसिद्ध झाला, चित्रपटातल्या काही माणसांपेक्षा त्याचा भाग्योदय मोठा.)

मग मी या रंगांची पद्धत वाचून काढली आणि राग जिरला. त्या काळच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात एका लोलकाच्या साहाय्याने प्रकाश विभागला जाई आणि तीन फिती एकाच वेळी फिरत. एकीवर दृश्यातला लाल भाग नोंदला जाई, दुसरीवर हिरवा, तिसरीवर निळा. या तिन्ही फिती कृष्णधवल असत. पुढे प्रयोगशाळेत त्यांच्यापासून साचे करून, आकाशी, किरमिजी आणि पिवळा हे रंग एकावर एक उठवून प्रत छापली जाई, जवळजवळ आपल्याकडच्या छापखान्यात कॅलेंडर छापावे तशी. एवढ्या विभागणीत प्रकाश पुष्कळ वाया जाई, म्हणून सेटवर डोळे दिपवणारे दिवे लावावे लागत. म्हणजे जगातल्या सर्वात रंगीत मानल्या गेलेल्या चित्रपटांपैकी या एका चित्रपटाचे मूळ द्रव्य काळे-पांढरेच होते, आणि आमच्या माजघरातल्या त्या पेटीने अजाणता त्याचे मूळ रूपच परत दाखवले होते, असे मी स्वतःला समजावले. शास्त्रीयदृष्ट्या हे समर्थन लंगडे आहे. तीन फितींची बेरीज आणि एक राखाडी चित्र यांत फरक असतोच. पण शेवटच्या द्वंद्वात मला त्याचा पुरावा मिळाला.

शेवटी रॉबिन आणि गिसबोर्न किल्ल्याच्या जिन्यावर तलवारीने लढतात. फ्रेड केव्हन्स या बेल्जियन तलवारबाजाने हे द्वंद्व बसवले होते. रॅथबोन स्वतः तलवारीत फ्लिनपेक्षा कितीतरी तरबेज होता आणि तरी दर चित्रपटात मरण्याचे काम त्याच्याकडेच येई. लढता लढता दोघे चौकटीबाहेर जातात आणि समोरच्या अवाढव्य दगडी खांबावर फक्त त्यांच्या सावल्या लढत राहतात, माणसांपेक्षा दुप्पट मोठ्या. कर्टिझला सावल्यांचा सोसच होता. तेवढे काही सेकंद पडद्यावर आमच्या टीव्हीवर होते तेच होते, त्यात एका छटेचाही फरक नव्हता. फिल्म क्लबच्या अंधारात मला त्या क्षणी माजघरातल्या सतरंजीचा वास आला.

या द्वंद्वामागे वाजणारे संगीत एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्डचे आहे, आणि या चित्रपटाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते सगळे खरे तर या माणसापाशी येऊन थांबते. कॉर्नगोल्ड व्हिएन्नाचा, लहानपणीच संगीतातला चमत्कार म्हणून नावाजला गेलेला, ऑपेरांचा रचनाकार, ज्यू. १९३८ च्या सुरुवातीला वॉर्नर ब्रदर्सचे बोलावणे आले म्हणून तो कॅलिफोर्नियाला आला, तयार झालेला चित्रपट पाहिला आणि त्याने काम चक्क नाकारले. धावपळीने आणि मारामारीने भरलेल्या या चित्रपटाशी आपले सूर जुळणार नाहीत, आपण अंतःकरणाचे संगीतकार आहोत, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. त्याच फेब्रुवारीत ऑस्ट्रियाच्या चॅन्सेलरला, म्हणजे सरकारप्रमुखाला, हिटलरने भेटीला बोलावून धमकावल्याची बातमी आली. कॉर्नगोल्डने आठवड्याआठवड्याच्या बोलीवर काम स्वीकारले. मार्चमध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. व्हिएन्नातले त्याचे घर जप्त झाले, तिथे रंगमंचावर येऊ घातलेला त्याचा नवा ऑपेरा बारगळला, आणि मागे राहिलेला मुलगा व आईवडील कसेबसे बाहेर पडले. रॉबिन हुडने आपला जीव वाचवला, असे तो पुढे म्हणत असे.

कॉर्नगोल्डने कोणताही कायदा मोडलेला नव्हता. त्याच्या शहरातल्या कायद्याने त्याच्यावरचा हात काढून घेतला होता आणि घर जप्त केले होते. म्हणजे आउटलॉ या शब्दाची सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची, पुस्तकांतून मेलेली व्याख्या बाहेर जिवंत होऊन फिरत असताना हा माणूस स्टुडिओत बसून हिरव्या कपड्यांतल्या आउटलॉसाठी कूचगीत रचत होता. मला नेहमी आश्चर्य वाटते ते या संगीतात भीती कुठेच नाही याचे. त्यात व्हिएन्नाच्या वॉल्ट्झ नाचाची गिरकी आहे, जंगलातल्या मेजवानीला हलका ठेका आहे, आणि रॉबिनची मुख्य धून तर त्याने १९१९ सालच्या आपल्याच एका वाद्यवृंदरचनेतून उचललेली आहे. त्या रचनेचे नाव ‘सुर्सुम कोर्दा’, म्हणजे हृदये वर उचला. या संगीतासाठी मिळालेले ऑस्कर त्याच्या हाती आले. दोन वर्षांपूर्वीच्या त्याच्याच एका चित्रपटाचे संगीताचे पारितोषिक त्या वेळच्या नियमानुसार स्टुडिओच्या संगीतविभागप्रमुखाच्या नावावर गेले होते.

व्हिएन्ना या कथेत आणखी एकदा येते, आणि तेही पडद्याआड. चित्रपट सुरू होतो तो सिंहहृदयी रिचर्ड राजाला धर्मयुद्धाहून परतताना ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डने पकडल्याच्या वार्तेने. चित्रपटात साल ११९१ दिले आहे, प्रत्यक्षात तो ११९२ च्या डिसेंबरमध्ये पकडला गेला, आणि पकडला गेला तो व्हिएन्नाच्या अगदी जवळ. चित्रपटातला जॉन रिचर्डच्या सुटकेच्या खंडणीच्या नावाखाली, नॉर्मनांनी जिंकलेल्या गरीब सॅक्सनांना लुटतो आणि पैसा स्वतःच्या घशात घालतो. इतिहासातली लूट अधिक गैरसोयीची आहे. दीड लाख मार्कांची ती खंडणी उभी करण्यासाठी लोकांच्या उत्पन्नाचा आणि चीजवस्तूंचा चौथा हिस्सा मागितला गेला, चर्चमधली सोन्याचांदीची भांडी घेतली गेली, आणि ही वसुली जॉनने नव्हे, रिचर्डच्या आईने आणि त्याच्याच निष्ठावान अधिकाऱ्यांनी केली. डिस्नेने १९५२ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड टॉडला घेऊन हीच कथा पुन्हा केली, तेव्हा तिथे रिचर्डची आई, राणी एलिनॉर, खंडणी गोळा करताना दिसते, पण वसुलीचा डंख तिथेही काढून टाकलेला आहे. लिओपोल्डच्या वाट्याला आलेल्या त्या चांदीतून व्हिएन्नाचा तट वाढवला गेला. नॉटिंगहॅमच्या शेतकऱ्याच्या घरातले एखादे नाणे त्या भिंतीत गेले असेल.

जुन्या पोवाड्यांसारख्या इंग्रजी काव्यांमध्ये तर रिचर्डही नाही, जॉनही नाही, मॅरियनही नाही, आणि नॉर्मन-सॅक्सन वैरही नाही. ते वैर प्रामुख्याने वॉल्टर स्कॉटने १८१९ च्या ‘आयव्हन्हो’मधून या कथेला जोडले. सर्वात जुन्या मोठ्या काव्यातला रॉबिन जमीनदार नाही, मध्यम प्रतीचा स्वतंत्र माणूस आहे. त्याचा राजा एडवर्ड आहे आणि जंगल बरेचसे यॉर्कशरमधल्या बार्न्सडेलचे आहे. राजा त्याला माफी देतो आणि दरबारी नेतो. चित्रपट माफीपाशी संपतो, काव्य तिथे संपत नाही. सव्वा वर्षाच्या दरबारी वास्तव्यात रॉबिनचे पैसे संपतात, माणसे पांगतात, त्याला जंगलाची ओढ लागते, सात दिवसांची रजा काढून तो जातो आणि बावीस वर्षे परत येत नाही. शेवटी एका मठाची प्रमुख असलेली त्याची नातलग दगा देऊन त्याचा जीव घेते. हे वाचताना मला पुरंदरच्या परिसरातल्या उमाजी नाईकांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही, कारण त्यांनाही कंपनी सरकारने एकदा माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावर घेतले होते आणि तेही त्या नोकरीत राहिले नाहीत. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी झाली. माफी मिळालेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न चित्रपटांना आवडत नाही.

गेल्या दिवाळीत मी हा चित्रपट अण्णांबरोबर पुन्हा पाहिला. ते आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. त्या जुन्या दुपारी ते कचेरीत होते, त्यामुळे त्यांनी तो कधी पाहिलेलाच नव्हता. रंगांचे त्यांना काही वाटले नाही. मेजवानीच्या प्रसंगी ते एकदम सावरून बसले आणि जॉनचा हुकूम सुटताच म्हणाले, “अगं, पुकारा कुठे झाला? मुदत कुठे दिली? आरोपी समोर बसून जेवतोय आणि हे त्याला फरारी जाहीर करतात! हा हुकूम वरच्या कोर्टात टिकायचा नाही.” त्यानंतरचा दीड तास त्यांनी बाण, झुंबरे, चढाया यांच्याकडे जवळपास दुर्लक्ष केले, मॅरियनवरचा खटला चालला तेव्हा मात्र बचाव पक्षाचा वकील कुठे आहे, असे दोनदा विचारले. अखेरीस भिक्षूंचे झगे उतरले, रिचर्ड राजा प्रकट झाला आणि त्याने जॉनला हद्दपार करून रॉबिनचे सगळे परत दिले, तेव्हा अण्णांनी समाधानाने मान हलवली.

“आले वरचे कोर्ट,” ते म्हणाले.

मी त्यांना सांगितले की या राजाने दहा वर्षे राज्य केले आणि त्यातले जेमतेम सहा महिने तो इंग्लंडमध्ये होता. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि विचारले, “मग तेवढ्या दिवसांत तारखा किती पडल्या?”